डावीकडचा गडी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ऑपरेटरने दिवसातला पहिला रोल जमिनीवरून उचलला. रोल म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढी. ती हूकला लटकली की क्रेनच्या तारा ताणल्याचा बारीक आवाज येतो आणि खालची माणसं आपोआप चार पावलं मागे सरतात. गोदामाच्या दोन्ही भिंतींवर उंचावर रूळ आहेत. त्यांवरून क्रेन पुढेमागे सरकते आणि क्रेनच्या पोटाशी ऑपरेटरची केबिन लोंबते. तीन बाजूंना काच, एक झिजलेली खुर्ची, हाताशी दोन दांडे. वरून माणसं बोटाएवढी दिसतात.

त्या बोटाएवढ्या माणसांतला एक त्याचा मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो सिग्नलमन, म्हणजे खाली उभं राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करणारा. तळहात खाली केला की रोल उतरवायचा, मूठ वर केली की आहे तिथे थांबायचं. बाकी बोलणं वॉकीटॉकीवर. गेली कित्येक वर्षं ही जोडी एकाच शिफ्टला होती. मेव्हणा कायम केबिनच्या उजव्या अंगाला उभा राहायचा. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

त्या शनिवारी रोल डावीकडे नेत असताना काहीतरी खणखणलं. मेव्हण्याची मूठ त्याआधीच वर गेली होती. रोल जागीच थांबला, जरासा झुलला आणि स्थिर झाला. खाली एक हातगाडी आडवी झाली होती. गाडी रोलना पट्ट्या बांधणाऱ्या कामगाराची. ती तिथे लावून तो पाणी प्यायला गेला होता आणि मिशा पुसत परत येत होता.

"दाजी, गाडी दिसली नाही का?" मेव्हण्याने वॉकीटॉकीवर विचारलं.

"आत्ता नव्हती ती," वरून उत्तर आलं. "गायब झाली होती."

मेव्हणा हसला. हा शब्द घरातला होता, आणि कामावर ऐकून त्याला गंमत वाटली. मग त्याने आडव्या गाडीकडे पाहिलं, पट्ट्या बांधणाऱ्याकडे पाहिलं आणि हसणं अर्ध्यावर सोडून गाडी सरळ करायला वाकला.

"माझीच चूक," तो त्या कामगाराला म्हणाला. "मी खूण उशिरा केली."

त्याने खूण उशिरा केलेली नव्हती.

गोदामात ऑपरेटरला सगळे अलगदराव म्हणतात. हे नाव त्याला तरुणपणी पडलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी अर्धी उघडी काडेपेटी जमिनीवर ठेवली आणि हूकला लटकलेल्या रोलच्या कडेने ती बंद करून दाखव, अशी पैज लावली. त्याने केली. काडेपेटी चेपली नाही, आतली काडीही मोडली नाही. पैज चहाची होती. त्यानंतर नवीन माणूस कामाला लागला की त्याला हा किस्सा सांगितला जातो आणि प्रत्येक वेळी रोल थोडा जड होतो. स्वतः ऑपरेटर याबद्दल फार बोलत नाही. "क्रेनला घाई चालत नाही, एवढंच," असं म्हणतो. बोलण्यातही तो तसाच. त्याची बायको म्हणते, यांच्याशी भांडायचं म्हणजे सकाळी सुरुवात करावी लागते, तेव्हा कुठे संध्याकाळी उत्तर येतं.

घाई तो फक्त एकाच ठिकाणी करतो. रविवारी दुपारी, टीव्हीसमोर.

मुलगी शाळेत असताना घरात गेमचं एक यंत्र आलं. त्याच्याबरोबर फुटबॉलची एक कॅसेट आणि चार जणांना एकदम खेळता यावं म्हणून चार कंट्रोलर जोडायचा एक डबा. पडद्यावर मैदान उभं दिसतं, एक गोल वर, एक खाली. खेळाडू नखाएवढे. कोणालाच चेहरा नाही, फक्त सदऱ्याचा रंग आणि डोक्यावर एक बाण, ज्यावरून आपला कोण ते कळतं. त्यानंतर जगात कितीतरी नवी यंत्रं आली, त्यांतल्या खेळाडूंना घामही येतो म्हणे. या घरात ती आली नाहीत. मुलगी मोठी झाली, दुसऱ्या शहरात पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून लागली, तरी सुट्टीला आली की रविवारची मॅच ठरलेली. ती नसली की तिच्या जागी यंत्र खेळतं, आणि तिच्यापेक्षा बरं खेळतं असं तिचा मामा फोनवर सांगतो.

गायब हा शब्द या खेळातून आला. त्या जुन्या यंत्राला एका आडव्या ओळीत ठरावीकच आकृत्या दाखवता येतात. कॉर्नरच्या वेळी सगळे गोलसमोर जमले, एका रेषेत आले, की एखादा खेळाडू लुकलुकतो आणि क्षणभर दिसेनासा होतो. तो तिथे असतो. चेंडू त्याला लागून उडतो. तो पायात पाय घालून पाडतोही. फक्त दिसत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मुलगी घाबरून आईच्या मागे लपली होती. मग त्याची सवय झाली आणि घरातल्या बोलण्यात तो शब्द रुळला. चष्मा सापडत नसला की गायब, पाहुणे येणार म्हणून मामा दिसेनासा झाला की गायब.

साधारण वर्षभरापूर्वी ऑपरेटर हा शब्द जास्त वापरायला लागला. चेंडू हातातून गेला की म्हणायचा, "अरे, तो गायब होता." यंत्र जुनं झालं होतं, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. मेव्हण्याने कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली, जोडणीची तार बदलून पाहिली. "म्हातारं झालंय, दाजी," तो म्हणाला. "आता माणसं लपवायला लागलंय." ऑपरेटरने मान हलवली. त्यालाही तसंच वाटत होतं.

त्या शनिवारी मुलगी आठवड्याच्या रजेवरून परत जायच्या बेतात होती. सोमवारची संध्याकाळची गाडी होती. रविवारी जेवणं उरकली, मामाने कंट्रोलरच्या तारांचा गुंता सोडवला, आईने हात पुसत येऊन आपली उशी जमिनीवर टाकली.

"नेहमीप्रमाणे?" मामाने विचारलं. नेहमीप्रमाणे म्हणजे दाजी आणि तो एका बाजूला, मायलेकी दुसऱ्या बाजूला.

"नाही," मुलगी म्हणाली. "दर वेळी तुम्हीच दोघं. या वेळी चिठ्ठ्या टाकू."

"आमची जोडी कशाला फोडतेस?"

"का, घाबरलास?"

"तुझ्या आईला घाबरतो मी. ती माझ्या बाजूला आली तरी मलाच पाडेल."

"पाडेनच," आई म्हणाली. तिला त्या कंट्रोलरवरचं एकच बटण माहीत होतं, घसरत जाऊन समोरच्याला आडवं करण्याचं. तेवढ्यावर तिने अनेक रविवार जिंकले होते.

चिठ्ठ्या टाकल्या. बापलेक एका बाजूला आली, बहीणभाऊ दुसऱ्या. मामाने चिठ्ठीची घडी घातली आणि बराच वेळ बोटांत फिरवत बसला.

खेळ सुरू झाला तशी मुलीने डावी बाजू धरली, कारण बाबा कायम उजवीकडे खेळतात हे तिला माहीत होतं. तिने डावीकडून पळत जाऊन पास मागितला. पास आला नाही. पुन्हा मागितला. बाबांनी चेंडू सरळ पुढे मारला आणि तो आईने अडवला.

"बाबा, मी मोकळी होते."

"दिसली नाहीस. गायब झाली होतीस."

तिने पडद्याकडे पाहिलं. त्या ओळीत तिचा खेळाडू एकटाच होता.

पुढच्या वेळी तिने तोंडाने सांगितलं, "डावीकडे, बाबा, डावीकडे." त्याने डावीकडे मारला, पण ती होती त्याच्या बरंच मागे, जणू आंधळ्या कोशिंबिरीत आवाजाच्या दिशेने हात टाकावा तसा. आई खूश झाली. "दाजी, हे गोदाम नाही," मामा नेहमी असं काहीतरी बोलून त्याला डिवचायचा. आज तो बोलला नाही.

मुलीला दुसरीही एक गोष्ट दिसली. तलावावरच्या तिच्या कामात पोहणाऱ्यांपेक्षा कोणी पोहत नसलेल्या पाण्याकडे जास्त बघावं लागतं, आणि मैदानावरही तिचं लक्ष रिकाम्या जागेवर होतं. मामा आता विरुद्ध बाजूला होता. चेंडू त्याच्याकडे होता. बाबांच्या डाव्या अंगाने गोलपर्यंत सरळ वाट मोकळी होती. मामा ती वाट सोडून मुद्दाम उजवीकडे वळला, गर्दीत घुसला आणि चेंडू घालवून बसला.

"मामा, मोकळं होतं की तिकडे. का नाही गेलास?"

"सवय," मामा म्हणाला.

"कसली सवय? तू तर कायम डावीकडेच खेळतोस."

मामाने पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. तांब्या रिकामा होता.

मॅच संपल्यावर मुलगी म्हणाली, अजून एक प्रकार खेळू. त्या कॅसेटमध्ये सरावाचा एक पर्याय आहे. त्यात मैदान रिकामं असतं, फक्त दोन खेळाडू आणि एक चेंडू. लहानपणी ती त्यावरच शिकली होती. तिने स्वतःचा कंट्रोलर घेतला, एक बाबांकडे दिला. चेंडू बाबांच्या पायाशी ठेवला आणि आपला खेळाडू त्यांच्या डावीकडे नेऊन उभा केला, हाताच्या अंतरावर.

"द्या पास."

बाबांची नजर चेंडूवर होती. "कुठे आहेस?"

"इथेच."

"कुठे इथेच? गायब झालीस बघ."

मैदानावर गवताचा हिरवा रंग होता, दोन माणसं होती आणि दुसरं काहीही नव्हतं. खोलीत कोणी हसलं नाही. यंत्राची पिपाणीसारखी धून तेवढी वाजत राहिली.

मुलीने आपला खेळाडू चेंडूच्या खालून वळवून उजवीकडे आणला.

"हां, आलीस," बाबा म्हणाले आणि पास दिला. चेंडू अगदी तिच्या पायात आला.

तिने तो परत दिला आणि पुन्हा डावीकडे गेली. या वेळी ती काही बोलली नाही. बाबा थांबले, मान थोडी वळवली, मग आणखी वळवली. "हां," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "या यंत्राचं काही खरं नाही आता."

"बाबा, दोघंच होतो आपण."

"म्हणजे?"

"गर्दी असल्याशिवाय गायब होत नाही कोणी. तुम्हीच समजावलं होतं मला, मी घाबरायचे तेव्हा."

ऑपरेटरने कंट्रोलरची तार गुंडाळायला घेतली. त्याच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं उत्तर संध्याकाळी येणार होतं.

स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती आणि मामा ओट्याला टेकून उभा होता. मुलीने दार ओढून घेतलं.

"तुला माहीत होतं," ती मामाला म्हणाली.

"माहीत कसलं? त्यांना डावीकडचं जरा उशिरा कळतं, एवढं वाटायचं. मग मीच डावी बाजू धरली. खेळ तर चालला पाहिजे ना."

"आणि गोदामात?"

"तिथे मी उजवीकडे उभा राहतो. तिथून त्यांना बरं पडतं."

"कधीपासून?"

"असंच पडत गेलं गं. मी काही ठरवून नाही केलं." तो थांबला. "काल एक हातगाडी लागली."

"आणि माणूस?"

"माणूस पाणी प्यायला गेला होता."

आईने नळ बंद केला. "मला वाटलं यांना कोशिंबीर आवडेनाशी झाली," ती म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "ताटात डावीकडे वाढलेलं तसंच ठेवून उठायचे. विचारलं तर म्हणायचे, वाढलीसच कुठे. मी म्हटलं, चेष्टा करतायत. मग मी जेवताना मधेच ताट फिरवून द्यायला लागले. संपवायचे." तिने एक पेला उपडा घातला. "खांदाही आपटतात दाराला. डावाच. मी म्हटलं, दार अरुंद आहे."

दार अरुंद नव्हतं. लग्नापासून ती दोघं त्याच दारातून ये-जा करत होती.

कोणी कोणापासून काही लपवलं नव्हतं. एकाने जागा बदलली, एकीने ताट फिरवलं, आणि यंत्र जुनं आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. इतकी सोय केलेली असताना त्या माणसाला स्वतःचं काही कळायला जागाच उरली नव्हती.

संध्याकाळी ऑपरेटर जिन्याच्या पायरीवर बसला होता. मुलगी त्याच्या उजवीकडे जाऊन बसली, मग उठून डावीकडे बसली.

"कळतंय मला, तू तिकडे गेलीस ते," तो म्हणाला.

"आवाजावरून."

"बरं, आवाजावरून. दर वर्षी डोळे तपासतात आमचे. मी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो. सुपरवायझर चष्मा लावून दुसरी वाचतो."

"अक्षरं समोर असतात, बाबा."

"मग माणूस समोरच बघतो ना."

"क्रेनवरही?"

यावर तो हसला, पण ते हसू लांबलं नाही. "मला काही काळोख वगैरे दिसत नाही तिथे," तो म्हणाला. "काळोख दिसला असता तर कळलं असतं ना. मला सगळं पूर्णच दिसतं. फक्त त्यात कोणी नसतं."

मुलीने त्याचा हात धरला नाही. जवळ नुसती बसून राहिली. खालच्या रस्त्याने एक सायकलवाला डावीकडून आला आणि दोघांच्या समोरून गेला. तो नेमका कुठून दिसायला लागला, हे तिने बाबांच्या चेहऱ्यावरून पाहिलं. सायकल अगदी जिन्यासमोर आली तेव्हा बाबा दचकले.

"उद्या वर चढू नका," ती म्हणाली.

"उद्या बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो. मला स्वतःला बघू दे एकदा."

सोमवारी कामाची घंटा व्हायच्या आधी तो मेव्हण्याला घेऊन गोदामात शिरला. हूक रिकामा होता, खाली कोणी नव्हतं. तो केबिनमध्ये चढून बसला आणि त्याने वॉकीटॉकी चालू केला.

"डावीकडे जा," तो म्हणाला.

मेव्हणा हलला नाही. "दाजी, राहू दे ना."

"जा म्हणतो ना. आणि हात वर कर."

मेव्हणा डावीकडे गेला. ऑपरेटरने रोल उचलताना बघतो तसं हूककडे पाहिलं. रिकामी जमीन, रोलच्या रांगा, रंगाचे पट्टे, सगळं स्पष्ट. जमिनीवरचा तेलाचा डागसुद्धा दिसत होता.

"केलास का हात वर?"

"कधीचा."

"आता चालत ये. उजवीकडे. हळू."

मेव्हणा हात वर धरून चालत निघाला. बऱ्याच वेळाने ऑपरेटरला हूकच्या अगदी खाली एक लाल हातमोजा दिसला, मग हात, मग खाली अख्खा माणूस. रोल टांगलेला असता तर तो आत्ता त्याच्या बरोबर खाली असता.

"थांब," तो म्हणाला. मेव्हणा थांबला. "तिथेच थांब जरा."

"झालं का, दाजी?"

"झालं."

तो शिडीवरून उतरला. उतरताना एकेका पायरीवर थांबत होता, जणू शिडी नवीन होती. वाटेत त्याने मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं सुपरवायझरच्या खोलीकडे गेले.

सुपरवायझर त्याच्याच वयाचा, त्याच्याबरोबरच कामाला लागलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"अलगदराव, हे तू स्वतः येऊन सांगतोयस," तो म्हणाला. "मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलला असता."

"म्हणून तर आलो."

"डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी भेटतील. कडेकडेचं तपासायचं यंत्र त्यांच्याकडे आहे म्हणतात. तोपर्यंत वर जायचं नाही."

"नाही जात."

"आणि घरी बसून काय करणार? भिंती बघणार?"

घरी बसण्याचा ऑपरेटरने विचारच केलेला नव्हता.

सुपरवायझरने मेव्हण्याकडे पाहिलं. "तुझ्याकडे क्रेनचा परवाना आहे ना? मग तू वर जा. आणि तू," तो ऑपरेटरला म्हणाला, "तू खाली उभा राहा, याच्या जागेवर. खुणा तुझ्याइतक्या कोणाला कळतात? निम्म्या पोरांना तूच शिकवल्यास. हातात दांडा नाही, म्हणजे कोणाला धोका नाही. काय?"

मेव्हणा काहीतरी बोलायला गेला. पण समोर दाजींचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच सैल झाला होता, आणि त्याला तो पुन्हा आवळायचा नव्हता.

"चालेल," ऑपरेटर म्हणाला. "उलट बरं. जमिनीवर पाय राहतील."

त्या दिवशी मोठा माल यायचा नव्हता, त्यामुळे क्रेन बंदच राहिली. दोघांनी रांगा आवरल्या. पट्ट्या बांधणाऱ्याने विचारलं, "अलगदराव, आज विमान खाली कसं?" तो म्हणाला, "इंधन भरायला." सगळे हसले. बातमी दुपारपर्यंत गोदामभर झाली आणि माणसं येऊन त्याच्याशी हात मिळवून गेली. स्वतः कबूल केलंस, म्हणाली. मोठं मन लागतं, म्हणाली.

संध्याकाळी घरीही सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईने ताट न फिरवता त्याला सांगितलं, "डावीकडे कोशिंबीर आहे," आणि त्याने मान वळवून ती खाल्ली. मुलीने बॅग भरली. तिला स्टेशनवर सोडायला मामा गेला. गाडी सुटल्यावर तिने बाबांना फोन लावला.

"मामा म्हणाला, तुम्ही आता खाली असणार."

"हो. तुझा मामा वर. बघू त्याला काडेपेटी बंद करता येते का."

"बरं झालं, बाबा. रात्रभर झोप नव्हती मला."

"आता झोप. काळजीचं काही नाही. खालचं काम म्हणजे नुसतं उभं राहायचं. कानावर ते जाड हेडफोन घालायचे, बाहेरचं काही ऐकू येत नाही. एकदम शांत."

"काहीच नाही ऐकू येत?"

"फक्त तुझा मामा. ती एक शिक्षाच म्हण."

ती हसली. गाडी बोगद्यात शिरली असावी, कारण आवाज तुटला, आणि तिचं पुढचं वाक्य त्याला ऐकू आलं नाही. त्याने फोन खिशात ठेवला, सकाळचे बूट दाराशी मांडले आणि हेल्मेटचा पट्टा आपल्या मापाचा करून घेतला.

मोठा माल मंगळवारी येतो. माल भरायचे ट्रक मागच्या दाराने उलटे आत घेतात, कारण गोदामात वळायला जागा नाही. सिग्नलमनने हूककडे तोंड करून उभं राहायचं असतं आणि त्या वेळी मागचं दार त्याच्या डाव्या हाताला येतं. उद्याचा पहिला ट्रक सकाळी सव्वासातला आत येईल.